मागचे दोन डबे

माझ्या नवऱ्याला गोष्ट छान सांगता येते. हे मी कौतुकाने लिहीत नाहीये. इथे टोकियोत, हिगाशी-कसाईत कुणाकडेही जेवायला जमलो की गुलाबजाम यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ती जर्मनीची सांग ना." मग तो मांडी बदलतो, माझ्याकडे बघून हसतो आणि सुरू होतो. "ही पुण्यात जर्मन शिकवायची बरं का. हिच्या भरवशावर आम्ही गाडीत बसलो, आणि पोचलो कुठे?"

खरं काय घडलं ते सांगते. कंपनीने त्याला आठवडाभर जर्मनीला पाठवलं, तेव्हा मीही गेले. जपानला येण्याआधी मी पुण्यात संध्याकाळचे जर्मनचे वर्ग घ्यायचे. आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्याला नदीकाठच्या एका लहानशा गावाचं चित्र होतं. दगडी पूल, पलीकडे बुटकं चर्च आणि पुलावर एक टोपीवाला माणूस. तो माणूस कुठे उभा आहे, हे मी वर्षानुवर्षं मुलांना विचारलं होतं. ते गाव आमच्या हॉटेलपासून ट्रेनने दीड तासावर निघालं. रविवारी त्या पुलावर जाऊन उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं.

फलाटावर घोषणा झाली. आमची गाडी उशिरा येणार होती आणि 'हॉयटे फॉन ग्लाइस फिअर', म्हणजे आज चार नंबरवरून. मी त्याला सांगितलं. तेवढ्यात आमच्यासमोर एक गाडी येऊन थांबली, आणि घड्याळात बरोबर आमच्या गाडीची वेळ झाली होती. जपानात राहून माणसाला ही सवय लागते. पाटी वाचायची नाही, कुणाला विचारायचं नाही. ठरलेल्या मिनिटाला जी येईल ती आपली गाडी. "अगं, वेळ बघ, वेळ," तो म्हणाला. "गाडी समोर उभी आहे आणि तू भोंगे काय ऐकत बसलीस?" दंडाला धरून त्याने मला आत घेतलं.

ती आधीची, रखडलेली, भलतीच गाडी होती. नदीच्या दुसऱ्या काठाने ती कुठेही न थांबता निघाली. मध्ये माझं गाव आलं, पाण्यापलीकडे. पूल, चर्च, सगळं चित्रातल्यासारखं. खिडकीच्या या कडेला दिसलं आणि त्या कडेला संपलं. परत फिरेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं.

त्याच्या गोष्टीत घोषणाच नसते. चार नंबरचा फलाट नसतो, माझा दंड नसतो. असते ती फक्त मी, बोट दाखवून "हीच, हीच" म्हणणारी. पहिल्यांदा त्याने ती गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये सांगितली, तेव्हा चारचौघांत काय बोलायचं म्हणून मी मूग गिळून बसले. घरी आल्यावर विचारलं, "असं झालं होतं का?"

"अगं, गंमत असते," तो मोजे काढत म्हणाला. "तुझ्यावर घातली की गोष्ट रंगते."

पुढे माझं नावच 'जर्मन मास्तरीण' पडलं. तेही चाललं असतं. पण इचिकावाला माझी एक मैत्रीण राहते. तिची मुलगी शिकायला जर्मनीला जाणार, हे मला ठाऊक होतं. मी जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून ठेवली होती. एक दिवस मैत्रीण सहज बोलून गेली की मुलीला ऑनलाइन शिकवायला कुणी बाई मिळाल्या. माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, म्हटलं तुझा टच राहिला नसेल. तो सांगतो ना ती ट्रेनची गोष्ट." तिचा नवरा तर ती गोष्ट ऐकताना मांडीवर थापा मारून हसतो.

जपानात माझ्याजवळ माझं असं तेवढंच होतं, ती भाषा. तीही याने गुलाबजामाबरोबर वाटून टाकली. त्या दिवशी मी डूख धरला.

त्या शरदात आम्ही दोघं, मैत्रीण आणि तिचा नवरा, असे चौघं डोंगरातल्या एका नदीकाठच्या गावी गेलो. ठरवलं मी, तिकिटं काढली मी. दुसरं कोण काढणार? नवऱ्याचं जपानी 'सुमिमासेन'ला, म्हणजे 'माफ करा'ला, सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्याचं ऑफिस इंग्रजीत. वॉर्ड ऑफिस, दवाखाना, कचऱ्याचे वार, घरमालक, सगळं माझ्याकडे.

शेवटची गाडी चार डब्यांची, लहानशी. वाटेत एका जंक्शनवर ती दुभंगते. पुढचे दोन डबे आमच्या गावाला, मागचे दोन वेगळ्याच खोऱ्यात. मला हे माहीत होतं. मी त्याला मागे बसवलं नाही, एवढं मात्र खरं. "इथे पाय पसरता येत नाहीत," म्हणून तो आपणहून मागे गेला, कानात इयरफोन घालून क्रिकेट बघायला. कंडक्टर जपानीत पुन्हा पुन्हा सांगत होता, आमच्या गावाला जाणाऱ्यांनी पुढच्या दोन डब्यांत यावं. मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"सांगते थोड्या वेळाने," मी म्हटलं.

जंक्शनला गाडी थांबली. मी उतरून फलाटावरच्या मशीनमधून गरम कॉफीचा एक कॅन घेतला. त्याच्या खिडकीवरून जाताना त्याने मला पाहिलं आणि कॅनकडे बोट करून खुणावलं, मला आण. मी मान डोलावली. मग शांतपणे पुढच्या डब्यात येऊन बसले आणि कॅन उघडला. इतकी चविष्ट कॉफी मी जपानात प्यायले नाही.

गाडी सुटल्यावर जरा वेळाने फोन आला. "अगं, कुठे आहात तुम्ही? माझा डबा भलतीकडेच चाललाय!"

"वेळ बघ, वेळ," मी म्हटलं. "गाडी वेळेवर आहे ना?" आणि फोन ठेवला.

मैत्रीण आणि तिचा नवरा आधी पोट धरून हसले. त्यांचं हसू ओसरू दिलं, आणि मग मी जर्मनीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी तोंड न घालता. ती घोषणा जशी झाली तशी जर्मनमध्ये म्हणून दाखवली, शब्द न् शब्द सोडवून. खिडकीतून गेलेला पूलही सांगितला. मैत्रिणीच्या नवऱ्याने या वेळी मांडीवर थाप मारली नाही. तो बाहेर झाडं बघत बसला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मैत्रिणीने विचारलं.

"मी बोलायला लागले की तो गुलाबजाम मागायचा."

ती म्हणाली, "मुलीला त्या ऑनलाइनवाल्या बाईंचं फारसं समजत नाही. रविवारी पाठवू?"

"पाठव," मी म्हटलं. "पण पुढच्या गणपतीत कुणी 'ती जर्मनीची सांग' म्हणालं, की खरी गोष्ट तुझ्या नवऱ्याने सांगायची. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

त्या दुसऱ्या खोऱ्यात गाड्या विरळ. आमचा नवरा पोचला तेव्हा आमचं जेवण उरकलं होतं आणि मी नदीवरच्या पुलावर मनसोक्त उभी राहून घेतलं होतं. तो घामाघूम होता, पण डोळ्यांत ती चमक दिसलीच. गोष्ट वाटेतच रचून झाली होती. त्याने हात उडवले आणि सुरू केलं, "अरे, काय झालं माहितीये? हिने आज..."

"माहितीये," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. "जर्मनीचंही माहितीये."

नवऱ्याचे हात तसेच हवेत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "माझी कॉफी?"

जपानात रस्त्याला कचऱ्याचे डबे सापडत नाहीत; आपला कचरा आपण घरी न्यायचा असतो. मी पिशवीतून रिकामा कॅन काढला आणि त्याच्या हातात दिला. हिगाशी-कसाईपर्यंत तो त्यानेच धरून आणला.