देव्हाऱ्यातले राजाराणी

रोमन नाण्यांचा नाद मला चाळिशीनंतर लागला. त्या वयात लोक गुडघे सांभाळतात, मी झिजलेले सम्राट सांभाळू लागलो. नाणं विकत घेणं सोपं असतं. खरा घाम पुढे फुटतो, हा राजा कोण आणि टांकसाळ कुठली हे ठरवताना. आमचा नाणीवेड्यांचा कंपू महिन्यातून एका रविवारी दादरच्या एका उपाहारगृहात जमतो. त्यात एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत. इतके खडूस, की अक्षर दिसल्याशिवाय ते सख्ख्या भावालाही ओळख देणार नाहीत.

माझ्याकडे एक बायझंटाईन नाणं आलं, म्हणजे रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागातलं. तांब्याचं, जाडजूड. एका बाजूला राजाराणी शेजारी शेजारी सिंहासनावर बसलेले, दुसऱ्या बाजूला भलामोठा ‘एम’ आणि त्याखाली टांकसाळीचं नाव. त्या नावातला एक गोल तेवढा कळत होता. भिंगातून बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, पण येत्या रविवारी काकांपुढे टांकसाळ सांगायचीच, असा मी चंग बांधला होता.

आणि सोमवारी सकाळी नाणं जेवणाच्या टेबलावरून गायब!

ते सापडलं देव्हाऱ्यात. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल, आणि अंग लख्ख. शेकडो वर्षांत चढलेली सुरेख हिरवी झाक आईने चिंचेने पाच मिनिटांत उतरवली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

“देवाक असा जेवणाच्या टेबलार ठेवतत?” आईनेच मला झापलं. “आपलो टाक गावलो बघ.”

लालबागची चाळ पाडली तेव्हा सामान हलवताना आमच्या कुलदैवताचा टाक हरवला होता. टाक म्हणजे देवाची आकृती उठवलेला छोटासा पत्रा. आमच्या टाकावर देव आणि देवी शेजारी बसलेले होते. तेव्हापासून आई देव्हाऱ्यात त्याची जागा मोकळी ठेवायची. तिला कुठल्या तोंडाने सांगणार, की हे जोडपं पार तिकडचं आहे आणि पक्कं ख्रिस्ती आहे?

मग मी दुसरा मार्ग काढला. रोजची पूजा माझ्याकडे घेतली. मुंजीनंतर देवाकडे ढुंकूनही न बघितलेला मी, सकाळी आंघोळ करून एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन बसू लागलो. आई शेजारी पाटावर बसून गंध पातळ झालं, फूल उलटं वाहिलंस, अशा माझ्या चुका काढायची. मधेच गावच्या गजाली सांगायची. मजल्यावर सगळ्यांना तिने सांगून टाकलं, की मुलगा देवभोळा झाला. बायकोने मात्र हळूच विचारलं, “ऑफिसात काही झालंय का?”

शनिवारी अभिषेक चालू होता. ओल्या तांब्यावर समईचा उजेड तिरपा पडला आणि टांकसाळीच्या नावातल्या त्या गोलाच्या डावीकडची अक्षरं एकदम उठून दिसली.

“निकोमीडिया!” मी ओरडलो.

आईने भक्तिभावाने हात जोडले. बायकोने स्वयंपाकघरातून येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

रविवारी काकांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला.

“झाक कुठे गेली?”

“चिंच.”

काकांनी कुणीतरी गेल्यासारखा चष्मा उतरवला. मग म्हणाले, “टांकसाळ बरोबर आहे. पण पुढच्या वेळी नाणं हातात द्या. कुंकवाच्या फोटोवर मी शिक्कामोर्तब करणार नाही.”

झाली ना पंचाईत! घरी येऊन धीर गोळा केला आणि आईपुढे बसलो. “आई, तो आपला टाक नाही. माझं नाणं आहे ते.”

“माका म्हायत आसा,” आई वाती वळता वळता म्हणाली. “आपलो टाक रुप्याचो होतो. ह्यो तांब्याचो. मी काय आंधळी आसंय?”

“मग एवढे दिवस बोलली का नाहीस?”

“पयल्या दिवशी चुकलंय. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू धुतल्यावर तांबा दिसला.” तिने वात बाजूला ठेवली. “जा, घेवन जा तुझे राजाराणी. पण मगे तू सकाळचो माझ्या बाजूक कित्याक येवन बसतलस?”

काका अजून फोटोवरच भागवतायत.