हलरवरचा घाणा

पनवेलच्या भातगिरणीत मी मिस्त्रीची नोकरी धरली तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि माझ्याजवळ मुंबईच्या एका कारखान्यात शिकलेलं फिटरचं काम होतं. यंत्र एकदा नीट लावून दिलं की ते तसंच चालतं, अशी माझी समजूत होती. गिरणीने ती पहिल्याच हंगामात मोडून काढली. यंत्र बिचारं लावून दिलं तसंच चालत होतं. त्याला तसं राहू देणारा माणूस मात्र त्या गिरणीत एकही नव्हता.

गिरणीत भात सडायचा एक हलर होता. बिडाचं आडवं पोट, त्यात कंगोऱ्यांचा लोखंडी रूळ, खाली जाळी आणि रुळाच्या कडेने एक पोलादी पट्टी. शेजारच्या खोलीत ऑइल इंजिन. त्याचा पट्टा भिंतीतल्या भोकातून येऊन रूळ फिरवायचा. वरच्या झडपेतून भात आत पडायचं, रूळ आणि पट्टी यांच्यामध्ये घासून त्याची सालं निघायची, कोंडा जाळीतून खाली जायचा आणि तांदूळ पुढच्या झडपेतून बाहेर यायचा. वरची झडप, पट्टी आणि पुढची झडप कुठे ठेवायची, याला आम्ही सेटिंग म्हणत असू. पट्टी पान्याशिवाय हलत नसे. पुढच्या झडपेला मात्र लाकडी मुठीचं एक छोटं चाक होतं. उजवीकडे फिरवलं की झडप मिटायची, भात आत जास्त दाबलं जायचं आणि तांदूळ पांढरा निघायचा. त्याहून पुढे फिरवलं की तो तुटायचा.

सेटिंग एकच असती तर मी त्या चाकाला कुलूप घालून मोकळा झालो असतो. पण कळंबोलीच्या बाजूने येणारं भात जाड, करंजाड्याकडचं त्याहून वेगळं, उरणच्या खारजमिनीतलं आणखी तिसरं. नवं भात ओलसर, जुनं खडखडीत. प्रत्येकाला चाकाची जागा निराळी. भाकरीच्या पिठाला तांदूळ तुटला तरी चालतं, पण पाहुण्यांच्या पानात कणी वाढली तर घरच्यांना आयुष्यभर ऐकावं लागतं.

आणि हात तरी किती लागावेत त्या चाकाला. गिरणीच्या शेठना नेहमीची घाई. बाहेर गाड्यांची रांग दिसली की ते जाता जाता झडप मोकळी करून जायचे. त्यांच्या भावाला सगळे धाकटे शेठ म्हणत. त्यांना पांढराशुभ्र तांदूळ बघायची हौस, म्हणून ते मिटवून जायचे. गिऱ्हाइकं तर मूठ हक्काने धरायची. वाईट याचं वाटायचं की कुणी चोरून करत नसे. ‘मिस्त्री, तुमचं जरा सैल होतं, मी घट्ट करून दिलं,’ असं उपकार केल्यासारखं तोंडावर सांगत. परत जागेवर आणायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे. मग पुढच्या माणसाचं भात मागच्याच्या सेटिंगवर सडायचं, त्याचा चुरा व्हायचा आणि शिव्या मला. मी आवाज चढवला की शेठ म्हणायचे, ‘अहो, चाक फिरवायलाच असतं ना?’ यावर काय बोलणार, कपाळ?

शेवटी मी चाकामागच्या पत्र्यावर तांबड्या रंगाचे ठिपके काढले. हा जाड्या भाताचा, हा बारीक, हा नव्या ओल्या भाताचा. सगळ्यांच्या वर एक मोठा ठिपका: काम झालं की चाक इथे आणून ठेवायचं. काही महिने सुखाचे गेले. लोक ठिपके पाळायला लागले, शेठसुद्धा. मग दसरा आला. खंडेनवमीला यंत्राची पूजा करतात, त्याला माझी ना नव्हती. पण मी चार दिवस गावी गेलो होतो आणि तेवढ्यात धाकट्या शेठांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी हलर घासून धुतला आणि वरपासून खालपर्यंत हिरव्या ऑइलपेंटने रंगवून काढला, ठिपक्यांसकट. मी परत आलो तर यंत्राला झेंडूची माळ आणि धाकटे शेठ कौतुकाची वाट बघत उभे. ‘कसं नव्यासारखं दिसतंय,’ म्हणाले. मी प्रसाद घेतला आणि इंजिनाच्या खोलीत जाऊन एकटाच बडबडत बसलो.

नवे ठिपके काढायचे तर प्रत्येक जातीचं भात पुन्हा हाताखालून जायला हवं होतं, आणि हंगाम अजून सुरू व्हायचा होता. तोवर मी एक नियम घातला. पोतं ओतण्याआधी ओंजळभर भात सडून बघायचं आणि तो नमुना, ज्याचं भात त्यानेच हातात घेऊन बघायचा. त्याने बरोबर म्हटलं की चाकाला कुणी हात लावायचा नाही. शेठनी मान डोलावली. ते कशालाही मान डोलावत.

तुळशीची लग्नं झाल्यावर एक दिवस खाडीकडच्या एका गावच्या बाई एकट्याच चालत आल्या. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. पदराची गाठ सोडून त्यांनी मूठभर भात माझ्यासमोर धरलं.

“पोरीचा लगीन हाय, मिस्त्री. ह्या अक्षतांचा भात. तांदूल तुटाचा नाय.”

मी म्हटलं, अक्षतांना लागतो तो मूठभर तांदूळ, तेवढा अखंड दाणा निवडून घेता येईल. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“सगला माजे शेतानचा हाय. मीच लावला, मीच कापला. जेवनाला पन त्योच.” मग म्हणाल्या, “मांडवान मी जानार नाय. तांदूल जाईल.”

त्यांचा नवरा गेला होता. तशा बाईने मांडवात पुढे यायचं नाही, नवरीला हळद लावायची नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या बहिणीचं लग्न माझ्या आईने स्वयंपाकघरात बसून कानांनी ऐकलं होतं. मी ते भात दातांखाली धरून पाहिलं, बारीक आणि चांगलं वाळलेलं होतं, आणि त्यांना सांगितलं की एक दाणा तुटणार नाही. असा शब्द मी गिऱ्हाइकाला कधीच देत नसे.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांच्या गावची बैलगाडी आली ती भाताची पोती आणि बायका दोन्ही भरून. त्या लोकांत लग्नाआधी घाणा भरतात. मुसळाला हळद लावायची, आंब्याची पानं बांधायची, पाच सुवासिनींनी त्याला हात लावायचा आणि गाणी म्हणत लग्नाचं भात उखळात कांडायचं. आता भातच गिरणीत सडायचं ठरल्यावर घाणाही गिरणीत आला. पुढारीण होती नवरीची चुलती, अंगापिंडाने दणकट आणि आवाजाने त्याहून. नवरीच्या आई आत आल्याच नाहीत. त्या दाराबाहेर, गाडीच्या चाकाशी उभ्या राहिल्या.

मी नियमाप्रमाणे ओंजळभर भात सडलं आणि नमुना घेऊन दाराकडे वळलो, तर बाईंनीच चुलतीकडे बोट दाखवलं. चुलतीने तांदूळ बघितला, “ब्येस हाय,” म्हणाली. चाक जागेवर होतं. हलरच्या पोटाला हळदकुंकू लावा, फुलं वाहा, पण चाकाला हात लावू नका, असं मी त्या पाचजणींना बजावलं.

“हात नाय लावला तं घाना कसला?” चुलती म्हणाली.

“करू द्या हो, मिस्त्री,” शेठ गादीवरून म्हणाले. “लग्नाचं काम आहे.”

मी उत्तर देणार तेवढ्यात इंजिन अडखळायला लागलं आणि मला आत पळावं लागलं. आतून मला त्यांचं गाणं ऐकू येत होतं. इंजिन ताळ्यावर आलं, पण पट्टा ओढ घेतोय असं वाटलं, आणि मग हलरचा आवाज बदलला. भात सडताना हलर घरघरतो. आता तो करकरत होता.

बाहेर येऊन बघतो तर आंब्याची पानं नेमकी चाकाच्या मुठीला बांधलेली आणि मूठ हळदीने पिवळी. मुसळासारखं हातात धरून हलवता येईल असं त्या यंत्रात तेवढंच होतं. पाचजणींनी पाळीपाळीने ते धरलं होतं. नुसतं बोट टेकवून समाधान मानतील अशा त्या बायका नव्हत्या, प्रत्येकीने मनापासून फिरवलं होतं. आणि शुभकार्य म्हणून सगळ्यांनी उजवीकडे. झडप जवळजवळ मिटली होती. हमालाने वरून अख्खं पोतं ओतलं होतं आणि खालच्या टोपलीत कणी पडत होती. पांढरीशुभ्र कणी. धाकटे शेठ खूश झाले असते.

मी पट्टा उतरवून हलर थांबवला आणि तोंडाला येईल ते बोललो. शेठना बोललो, हमालाला बोललो, त्या पाचजणींनाही बोललो.

“आमी तं फकस्त हात लावला,” चुलती म्हणाली. तिला माझा राग खरोखर कळत नव्हता. शेठ म्हणाले, “असू द्या, पीठ होईल त्याचं. भाकऱ्यांना लागतंच की.” बाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी टोपलीत बघितलं, कुणाला काही विचारलं नाही आणि पुन्हा गाडीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अजून काही पोती शिल्लक होती. मी चाकाची हळद चिंधीने पुसली, अडकलेली कणी काढली, पट्टा पुन्हा चढवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ठिपका असता तर चुटकीसरशी झालं असतं. आता ओंजळभर भात सडायचं, बघायचं, चाक जरा हलवायचं, पुन्हा ओंजळ. बायका कंटाळून पोत्यांवर बसल्या. तांदूळ जमत आला तेव्हा मी नमुना टोपलीत घेतला. चुलती उठली.

“तुम्ही नाही,” मी म्हटलं. “गिरणीचा नियम आहे. ज्याचं भात त्यानेच बघायचं. भात कुणाचं आहे?”

मी दाराकडे बघून म्हटलं, “बाई, आत या. तुम्ही बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.”

त्या आल्या. हात लुगड्याला पुसून त्यांनी तो कोमट तांदूळ तळव्यावर घेतला आणि अंगठ्याने पसरला. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आता होतं.

“जरासा मोकला करा,” त्या म्हणाल्या.

मी चाक डावीकडे किंचित सोडलं आणि आणखी एक ओंजळ सडली. त्यांनी पुन्हा घेतलं, पसरलं. “आता ठेवा,” म्हणाल्या, आणि हसल्या. मी इतक्या वर्षांत आपला तांदूळ बघून हसलेलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. तोच चुलतीचा आवाज आला.

“तुजे हातानचा येगला ठेव गो. अक्षतान मिसलू नको.”

माझं डोकं फिरलं. “वेगळा कसा ठेवणार?” मी म्हटलं. “चाक यांच्या सांगण्यावरून लागलंय. आता पोत्यातून जो दाणा निघेल तो सगळा यांच्याच हातचा. आणि चिखलात उभं राहून भात लावलं, कापलं, झोडलं, तेव्हा कुणाचा हात होता? तेव्हा कसा चालला?”

चुलती एक पाऊल मागे सरली. बाकीच्या चौघी माझ्याकडे न बघता बाईंकडे बघायला लागल्या. मी जिंकलो असं मला वाटलं. मग मी बाईंकडे बघितलं तर त्या घाबरल्या होत्या. मला घाबरल्या होत्या. मी मोठ्याने बोललेलं त्यांच्या लेकीच्या लग्नाला चिकटून राहणार होतं, आणि पुढे त्या घरात काही वाईट झालं असतं तर सगळ्यांना आठवलं असतं की मिस्त्री काय म्हणाला होता.

“नाय गो बाय,” त्या जावेला म्हणाल्या. “मिस्त्रीनीच लावला चाक. मी फकस्त बगितला. माजा काय नाय त्यान.”

तळव्यावरचा तांदूळ त्यांनी कोंड्याच्या ढिगावर ओतला. एकही दाणा चिकटून राहू नये म्हणून दोन्ही हात एकमेकांवर झटकले आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

कुणावर ओरडावं ते मला कळेना, आणि ओरडल्याशिवाय राहायची मला सवय नव्हती. मी हमालाला खूण केली. हमालाने पोतं ओतलं. त्यांनी ठेवा म्हणून सांगितलेल्या जागेवरून मी चाक केसभरही हलू दिलं नाही, मुठीजवळ हात आडवा धरून उभा राहिलो. तांदूळ अखंड निघाला. चुलतीने ओंजळ भरून घेतली, उजेडात धरली आणि बाकीच्यांना दाखवली.

“ह्यो घान्याचा गुन,” ती म्हणाली.

“व्हय गो,” दाराबाहेरून नवरीच्या आई म्हणाल्या, “घान्याचाच.”