एकसारख्या दोन डब्या

अहमदपूरला परतल्यावर अख्खी गल्ली विचारणार, जर्मनी कशी हाय, म्हणून महानंदाबाईंनी उत्तर आधीच तयार करून ठेवलं होतं. एकच शब्द. गप्प. माणसं गप्प, रस्ते गप्प, कुत्रीसुद्धा गप्प. नवऱ्याच्या भांड्याच्या दुकानात जिचा जन्म गेला, स्टीलचा खणखणाट कानावर पडल्याशिवाय जिला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, तिनं तीन महिने त्या गप्पपणात काढायचे म्हणजे काय चेष्टा आहे? एका रविवारी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली तर खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली. भांडली नाही, नुसती बघत उभी राहिली. तिच्या त्या बघण्याला जावई एवढा घाबरला की खलबत्ता कपाटात गेला तो गेलाच. कचरा टाकायचा तर चार रंगांचे चार डबे, आणि चुकलं की लेकीचं व्याख्यान. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

पण लेकीचं, मंजुश्रीचं, पहिलं बाळंतपण. त्या गोळ्याला मांडीवर घेऊन तेल चोळताना बाईंना वाटायचं, हे सोडून जायचं कसं? आणि तेच पोरगं झोपलं की वाटायचं, कधी एकदा घर गाठते. दोन्ही खरं होतं.

त्या देशात गप्प नव्हत्या त्या फक्त विहीणबाई. शिवकांताबाई लातूरच्या, जावयाची, म्हणजे राजशेखरची, आई. नातवासाठी त्याही आल्या होत्या. दोन विहिणींना एक खोली आणि घरात न्हाणी एकच. हे ज्यानं ठरवलं त्याला अक्कल कमी, पण तो जावई पडला, त्याला बोलता येत नाही.

दोघीही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते अंगावेगळं करायचं नाही, रोज आंघोळीनंतर डाव्या तळव्यावर घेऊन पूजायचं, पूजेआधी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि मेल्यावर तेच हातात घेऊन मातीत बसायचं. महानंदाबाई हे सगळं साधेपणानं पाळायच्या. शिवकांताबाईंचा मात्र आचार पुढे आणि त्या मागे. पावात अंडं असतंय म्हणून पाव बंद. चीजमध्ये काय असतंय कुणाला ठाऊक, म्हणून चीज बंद. स्वतः खायचं नाही तर नका खाऊ, पण महानंदाबाईंच्या हातातला तुकडाही खाली ठेवायला लावायच्या. सकाळी न्हाणीतून निघाल्या की खोलीत, दाराला आतून कडी, आणि तासभर पूजा. महानंदाबाई ओल्या केसांनी बाहेर ताटकळत. स्वतःची पूजा त्यांनी तीन महिने स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उरकली, आणि तो राग नीट जपून ठेवला.

एकदा मंजुश्रीनं न्हाताना डबी काढून खुंटीला अडकवली. ते शिवकांताबाईंनी बघितलं. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या, "लिंग अंगावेगळं झालं की मागं बाईनं राहायचं तरी कशाला?"

ओली बाळंतीण पोर, आणि तिला हे बोलणं. उचलली जीभ लावली टाळ्याला. महानंदाबाईंनी त्याच दिवशी मनात गाठ मारली, की एकदा आपल्या मुलखात पोचू द्या, मग बघते या बाईकडे.

निघायच्या दिवशी बॅगेचं वजन जास्त भरलं. चॉकलेटं काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, मग वेगळ्या पिशवीत हातात घेतली. शेवटी महानंदाबाईंनी दोन स्वेटर अंगावर चढवले, वरून जावयाचा जुना कोट, आणि सगळ्यांची नजर चुकवून नातवाचा एक मोजा कमरेला खोचला. मंजुश्रीनं डब्या दोघींच्या अंगावरच ठेवून मळलेले दोरे बदलले, एकाच रिळातला नवा दोरा घातला. डब्याही जुळ्याच होत्या. लग्नात शिवकांताबाईंनी लातूरच्या सराफाकडून एकसारख्या दोन करून घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक विहिणीचा मान म्हणून. तेव्हा त्याचं लई कौतुक झालं होतं.

विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना महानंदाबाईंच्या गळ्यापाशी यंत्र वाजलं. येताना हैदराबादला एका तेलुगू पोरीनं डबी बघून हात जोडले होते आणि जाऊ दिलं होतं. इथल्या पोरीनं ट्रेकडे बोट दाखवलं. काढा आणि ठेवा. मागून शिवकांताबाई आल्या, त्यांनाही तेच. त्यांनी डबी मुठीत आवळून धरली आणि मान हलवली. मागे रांग वाढायला लागली. कुणी बोलेना, सगळे नुसते बघत राहिले. शिवकांताबाईंच्या तोंडावरचा रंग पार उतरला होता.

"चला विहीणबाई," महानंदाबाई म्हणाल्या, "शिवाला समदं दिसतंय." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी गळ्यातला दोरा उतरवला. त्याच ट्रेमध्ये मग शिवकांताबाईंनी डबी ठेवली. पलीकडे एकच गोंधळ, कोट, स्वेटर, चपला, पर्स, आणि ती पोर आपली ढकलायली, पुढे व्हा, पुढे व्हा. हाताला आली ती डबी प्रत्येकीनं गळ्यात घातली, महानंदाबाईंनी वरून दोन्ही स्वेटर आणि कोट चढवला, आणि दोघी पुढे पळाल्या.

विमानात शिवकांताबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पदराखाली हात आणि हातात डबी, डोळे उघडे. लिंग उतरवावं लागल्याचं दुःख असेल, असं महानंदाबाईंना वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

पहाटे हैदराबादला उतरल्या. ठरवलेली गाडी आली होती. वाटेत बिदरला चहाचा वास आला, पण पूजा झाली नव्हती, दोघींनीही चहा घेतला नाही. उदगीर मागे पडलं तशी महानंदाबाईंनी काच खाली केली. हॉर्न, धूळ, कुठल्या तरी मंडपातला लाऊडस्पीकर. कानांना बरं वाटलं. अहमदपूरला त्या उतरल्या, गाडी शिवकांताबाईंना घेऊन लातूरकडे गेली.

गुंडप्पांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दुकान अर्धं उघडं ठेवून बॅगा आत घेतल्या. महानंदाबाई न्हाल्या, नातवाचा मोजा पुन्हा कमरेला खोचला, विभूती लावली, पाटावर बसल्या. डावा तळवा पुढे धरला, डबीचं झाकण उघडलं.

आत काही नव्हतं.

पांढऱ्या फडक्याची घडी तेवढी होती. त्यांनी ती उलगडली, झटकली, पदर झटकला, पाटाखाली हात फिरवला. जर्मनीत त्या ट्रेमध्ये पडलं असणार. झाडूनं लोटलं असणार. त्या चार डब्यांपैकी कुठल्या तरी डब्यात जाऊन पडलं असणार. बाईंच्या तोंडाला कोरड पडली होती आणि आता पाणीही घेता येत नव्हतं. कानात एकच वाक्य घुमायला लागलं. लिंग अंगावेगळं झालं की मागं बाईनं राहायचं तरी कशाला?

"काय शोधायलीस?" गुंडप्पा दारातून म्हणाले.

"काय न्हाई. तुम्ही दुकानात जावा."

सांगणार काय? या माणसाला, ज्यानं तीन महिने शेजारणीच्या हातचं खाऊन काढले, त्याला येताबरोबर सांगायचं की मी लिंग हरवून आले?

मग त्यांचं लक्ष झाकणाकडे गेलं. त्यांच्या डबीच्या झाकणाला पोचा होता, दुकानात परात पडली होती तेव्हाचा. या डबीला पोचा नव्हता. त्यांनी खिडकीपाशी नेऊन बघितली, बोट फिरवलं. नव्हताच.

जीव भांड्यात पडला. डबी बदलली होती, एवढंच. आपलं लिंग लातूरला सुखरूप आहे, विहीणबाईंच्या गळ्यात. महानंदाबाईंना हसूसुद्धा आलं. ते हसू ओठांवर असतानाच थांबलं, कारण पुढचा विचार आला होता.

ही शिवकांताबाईंची डबी आहे, तर शिवकांताबाईंचं लिंग कुठं आहे?

त्या डबीकडे बघतच राहिल्या. पाव बंद करणारी बाई. रोज तासभर कडी लावून पूजा करणारी बाई. डबी रिकामी. कितीदा तरी त्यांनी स्वतःला सांगून बघितलं की असं कसं होईल, फडक्यात अडकलं असेल, पण फडकं तर मांडीवर पसरलेलं होतं. लोक दारूडे निघतात, चोर निघतात, ते माणूस पचवतो. हे पचवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

त्यांनी फोन लावला.

"विहीणबाई, डब्या बदलल्यात."

पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग शिवकांताबाई म्हणाल्या, "हाव. गाडी फिरवलीय मी मघाच. यायलेय."

त्या आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडीवाल्याला बाहेरच थांबवलं. घरात आल्या त्या सरळ देवघरात, आणि महानंदाबाई आत येताच त्यांनी दाराला आतून कडी घातली. तीच सवय. महानंदाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुम्ही उघडून बघितली?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"पूजेला बसले होते. उघडणारच की."

शिवकांताबाईंनी गळ्यातून डबी काढली, पदरावर घेऊन पुढे केली. महानंदाबाईंनी झाकण उघडलं. आपलं लिंग त्यांनी बघितलं, कपाळाला लावलं, आणि मग त्यांना रडू फुटलं. रडता रडताच त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराला तुम्ही काय काय बोललाव. ओल्या बाळंतिणीला. आन तुमची डबी रिकामी?"

"तिला न्हाई बोलले ते. तोंडातून तसं निघालं." शिवकांताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "विरूपाक्ष गेला ते तुम्हाला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. शिवकांताबाईंचा धाकटा. पुण्याला शिकायला होता, मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला. मंजुश्रीच्या लग्नाआधीची गोष्ट. त्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"माती द्यायच्या वक्ताला स्वामी म्हणले, लेकराचं लिंग आणा, हातात द्यायचंय. त्याच्या गळ्यात नव्हतं. सामानात न्हाई, कुठंच न्हाई. टाकून दिलं होतं त्यानं, पोरं टाकतेत. बाहेर समदा समाज बसलेला. म्हणले असते, शिवकांताचं पोरगं लिंग टाकून हिंडत होतं, तसंच गेलं." त्यांनी डाव्या तळव्याकडे बघितलं. "आणते म्हणून आत गेले. कडी लावली. माझं काढलं, आन नेऊन त्याच्या हातात दिलं. तेच घेऊन बसवला त्याला मातीत."

बाहेर गुंडप्पा कुणाला तरी हंडा वाजवून दाखवत होते.

"मग नवीन घ्यायचं होतं की स्वामींकडून," महानंदाबाई हळूच म्हणाल्या.

"काय सांगून घेऊ? पहिलं कुठं गेलं म्हणून सांगू?"

"आन रोज तासभर कडी लावून काय करत होताव?"

"हात धुते. विभूती लावते. तळवा समोर धरून बसते. त्यात हाय असं समजून. आधी माझं दिसायचं, आता त्याचा हात दिसतोय. राजशेखरला ठाऊक न्हाई. त्याच्या बाबाला न्हाई. कुणालाच न्हाई."

महानंदाबाईंना एकाएकी आठवलं. विमान. पदराखालचा हात.

"तुम्हाला विमानातच कळलं होतं."

"गळ्यात घातली तवाच कळलं. वजन लागलं."

"आन बोलला न्हाई? मला वाटलं माझं लिंग जर्मनीत कचऱ्यात गेलं. जीव गेला असता माझा."

"चुकलं माझं." शिवकांताबाईंनी मान वर केली नाही. "इतक्या वर्षांनी गळ्याला वजन लागलं होतं, विहीणबाई. म्हटलं, घरापत्तोर राहू द्यावं. उघडलं न्हाई हो मी, तुमचं लिंग बघितलं न्हाई. नुसतं गळ्यात ठिवलं."

महानंदाबाईंना राग आलेला होता, तो तसाच होता. कमरेला खोचलेला मोजा त्यांना एकदम टोचल्यासारखा झाला. त्यांनी तो काढून देव्हाऱ्यापाशी ठेवला, डोळे पुसले आणि पाट ओढला. शेजारी दुसरा पाट टाकला.

"बसा."

"मी कशी बसू?"

"जशी रोज बसताव तशी. पाणी घेतलं का सकाळपासनं?"

"दुसऱ्याचं लिंग गळ्यात असून पाणी कसं घेऊ?"

दोघी बसल्या. महानंदाबाईंच्या तळव्यावर लिंग, शिवकांताबाईंचा तळवा रिकामा. बेल, पाणी, विभूती, दोन्ही तळव्यांवर सारखंच. महानंदाबाईंनी पूजा आटोपून तीर्थ आधी विहिणीला दिलं, मग स्वतः घेतलं. मग बिनपोच्याची डबी उचलली, त्यातल्या फडक्याची नीट घडी घातली, आणि ती शिवकांताबाईंच्या गळ्यात घालून मागून दोऱ्याची गाठ स्वतः बांधली.

कडी काढली तर समोर शेजारच्या भामाबाई. जर्मनीची खबर काढायला आलेल्या, आणि बसायच्या आधीच चॉकलेटच्या पिशवीत हात.

"आधी हात धुवा," शिवकांताबाई म्हणाल्या. "आन त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, अंडं असतंय त्यात."

भामाबाई चपापल्या. शिवकांताबाई गाडीकडे गेल्यावर त्यांनी महानंदाबाईंना कोपरानं ढोसलं. "बाई, लईच कडक हायत की तुमच्या विहीणबाई. तीन महिने कसं काढलाव?"

जे सांगायची महानंदाबाईंनी तीन महिने वाट बघितली होती, ते ऐकायला आता गल्ली समोर उभी होती. रस्त्यावर गाडी सुरू झाली. मागच्या काचेतून शिवकांताबाई दिसत होत्या, हात पदराखाली.

"हाव," महानंदाबाई म्हणाल्या. "त्यांच्याएवढं आपल्यात कुणी पाळत न्हाई."

आणि चहा ठेवायला आत गेल्या.