दुसऱ्या फाउलचा इशारा

सकाळी चहाचे कप टेबलावर आले की आत्या म्हणायची, "कप उचला." आम्ही उचलायचो. मग ती आपला क्यू, म्हणजे पूल खेळायची लांब काठी, टेबलावर आडवा ठेवून बोटांनी हलकेच ढकलायची. काठी सरळ असली तर मुकाट गडगडत जाते, बाक आला असेल तर डुलते. शाळेसाठी मी आत्या-आतोबांकडे राहायला आले तेव्हापासून अकरा वर्षं ती काठी पाहिली, एकदाही डुलली नाही. तरी रोज तेच. "तपासल्याशिवाय सरळ कसं म्हणायचं?" असं विचारताना ती बघायची मात्र आतोबांकडे.

आत्या पूल खेळायची, तो बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा चेंडूंचा खेळ, पोटापाण्यासाठी. आतोबाही आधी खेळायचे. पाठ गेली, तसे ते समालोचनाकडे वळले. त्यांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. चेंडू टेबलाच्या कडेच्या भोकाशी, पॉकेटच्या तोंडाशी थांबला तरी ते अशा हळुवारपणे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्याला बिचाऱ्याला जायचंच नव्हतं.

आत्याचा खेळ झपाट्याचा. वाकली, बघितलं, मारलं. त्यामुळे रेंगाळणारा प्रतिस्पर्धी समोर आला की तिच्या कपाळावर एक शीर उभी राहायची. त्यांच्यात एक बाई होती, आम्ही घरात तिला गोगलगाय म्हणायचो. ती टेबलाभोवती दोन फेऱ्या मारायची, वाकायची, उठायची, क्यूच्या टोकाला खडू लावायची, हातमोज्याची घडी नीट करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या स्पर्धांमध्ये फटक्याला वेळेची मर्यादा नव्हती.

"हिचा फटका बसेपर्यंत माझे केस पांढरे होतात," आत्या म्हणायची.

"सावकाश खेळणं हा काही गुन्हा नाही गं," आतोबा.

"गोगलगाय आणि पोटात पाय. मुद्दाम करते ती. मी पेटावं म्हणून."

उपाय सगळे करून झाले होते. आंबट गोळ्या चघळल्या, फरशा मोजल्या, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. शेवटी आतोबांनीच तोडगा काढला. "तिच्याकडे बघूच नकोस. तिच्याशी एक अक्षर बोलू नकोस. खाली मान घालून बसायचं, पाळी आली की उठायचं."

त्या वर्षी आत्या शेहेचाळीस वर्षांची होती. पहिल्या सोळांत राहिली तर पुढचं वर्ष खेळायला मिळणार होतं. नाही राहिली तर पूलच्या हॉलमध्ये नवशिक्यांना क्यू धरायला शिकवायचं. जागा एकच उरली होती आणि त्या जागेसाठी समोर आली ती नेमकी गोगलगाय. समालोचनाला आतोबा, बाजूच्या काचेच्या खोलीत.

मी घरून थेट प्रक्षेपण पाहत होते. दुपार होती, मांडीवर नोट्स उघड्याच पडल्या होत्या. आठ-आठ अशी बरोबरी झाली आणि शेवटचा डाव सुरू झाला. या खेळात टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला पांढरा चेंडू आधी लागावा लागतो. नाही लागला तर फाउल, आणि समोरची व्यक्ती पांढरा चेंडू उचलून हवा तिथे ठेवते. लागोपाठ तीन फाउल झाले की डाव गेला. त्यात एक अट आहे. दुसऱ्या फाउलनंतर प्रतिस्पर्ध्याला तोंडाने सांगावं लागतं, "तुमचे दोन झाले." सांगितलं नाही तर तिसरा फाउलही दुसराच धरतात. पंच दूर बसतात, बोलावलं तरच येतात. खेळाडूने खेळाडूला सांगायचं. हे नवशिक्यांनाही पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

टेबलावर चार चेंडू एकमेकांना चिकटून बसले होते. फोडायला धोका. म्हणून आत्याने पांढरा चेंडू त्यांच्यामागे लपवला, लहान आकड्याच्या चेंडूकडे सरळ वाट राहू नये असा. गोगलगाय चुकली. एक. आत्याने पुन्हा लपवला. ती पुन्हा चुकली. दोन. आत्याने तिसऱ्यांदा लपवला, खुर्चीत जाऊन बसली आणि मान खाली घातली. एक अक्षर बोलली नाही.

गोगलगाय फेऱ्या मारू लागली. आतोबांचा मध पडद्यातून गळू लागला. "मंडळी, दोन फाउल झालेत. इशारा मात्र दिलेला दिसत नाही. नियम असा आहे…" त्यांनी नियम सांगितला. मग त्यामागचं कारण सांगितलं. वेळ भरपूर होता, गोगलगायीने दिला होता. ज्याने ज्याने सामना लावला होता त्या प्रत्येकाला कळलं. फक्त वीस पावलांवर, काचेपलीकडे खाली मान घालून बसलेल्या बाईला कळलं नाही.

गोगलगाय चुकली. आत्या उठली, हात पुढे केला. गोगलगायीने हात घेतला नाही.

"तुम्ही सांगितलं नव्हतंत," ती हळूच म्हणाली.

पंच आले. त्यांनी विचारलं, आत्याने सांगितलं, "नाही." खोटं बोलता आलं असतं, पण तिथे ती कच्ची होती. डाव चालू राहिला. अजूनही पांढरा चेंडू तिच्याच हातात होता. "दोन झाले" म्हणून पुन्हा लपवला असता तरी चाललं असतं. तिने तो ठेवला आणि त्या चिकटलेल्या चेंडूंवर असा फटका मारला की पडद्यावरही तो आवाज मला पाठीत जाणवला. चेंडू फुटले, एकही आत गेला नाही. गोगलगायीने ते सगळे एकेक करून घातले. एकोणीस मिनिटं लागली तिला. आतोबा म्हणाले, "संयमाचा विजय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो शब्द मला आजही सहन होत नाही. कुणाच्या संयमाबद्दल बोलत होते ते?

दुसऱ्या दिवशी आत्याने त्यांना रेकॉर्डिंग लावायला लावलं. नियमाचा भाग तीनदा ऐकला.

"छान समजावलंत हो. जगाला."

"मी काच ठोकली असती तर तुला बाद केलं असतं."

"केलं असतं तर केलं असतं. चिडले असते तुमच्यावर. आता काय करू ते सांगा."

"अगं, बोलू नकोस म्हणजे गप्पा मारू नकोस, एवढंच म्हणालो होतो मी."

"एक अक्षर म्हणालात. अक्षर."

पुढल्या महिन्यात आतोबांनी समालोचन सोडलं. तिने सोडायला सांगितलं नव्हतं आणि सोडल्याबद्दल कौतुकही केलं नाही. ती हॉलमध्ये शिकवायला जाऊ लागली. नवशिक्यांना क्यू धरायच्या आधी इशारा द्यायला शिकवायची, मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. राग निवला नाही. तिला तो निवायला नको होता, असं मला वाटतं, आणि मीही कधी तिची समजूत घातली नाही.

घरातही तिने तोच नियम लावला. दूध उघडं राहिलं, "एक." दिवा जळत राहिला, "दोन झाले." आतोबा हसून सावरायचे, ती हसायची नाही. तिसऱ्यापर्यंत जायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तीन वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत, ती हॉलमधल्या बाकावर टेकली ती उठली नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्या सकाळीही कप उचलले होते, काठी गडगडली होती, सरळ. क्यू पिशवीत घालून ती दारापर्यंत गेली, पलंगाकडे बघून थांबली आणि आतोबांना म्हणाली, "ओला टॉवेल परत पलंगावर. दोन झाले, सांगून ठेवतेय."