माईचं कपाट आणि माझा रॅक

मी माझ्या पिकअपवर बसवलेल्या रॅकमधून आजवर एकही वस्तू पडलेली नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या आसेगावात लोक फक्त पुढची गोष्ट सांगतात. झालं असं, की मागे एकदा माझ्या थोरल्या बहिणीचं, माईचं, ड्रेसिंग टेबल मी नुसत्या दोरीनं बांधून नेलं होतं. ते वाटेतच उतरलं. (गाडी चालू असताना!) आता माईनं मंगरूळपीरला नवं घर बांधलं आणि तिचं आमच्याकडे ठेवलेलं लोखंडी कपाट पोचवायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं.

"या वक्ती काई पडलं," माई फोनवर म्हणाली, "त मी माहेरी पाय ठेवनार नाई!"

माई बोलली की करते. मला भाऊबीजेचा रिकामा पाट दिसायला लागला.

मी पेटलो. मिस्त्री बोलवायचा नाही, रॅक आपणच बसवायचा! ड्रिल मारण्याआधी गाडीखाली आडवा होऊन डिझेलची टाकी, वायरिंग, सगळं बघून घेतलं. (एवढी चौकशी मी लग्नाआधीही केली नव्हती.) रबराच्या पट्ट्या घातल्या, रुंद वॉशर घातले, डबल नट लावले. शिवाय कपाट तसूभरही हलू नये म्हणून एक युक्ती काढली. आधी कपाट हौद्यात उभं केलं आणि मग त्याच्याच मापानं, मागून, पुढून, वरूनसुद्धा, रॅक आवळत नेला.

बायको, शोभा, ओट्यावरून बघत होती.

"अवो, पन हे कपाट..."

"पडनार नाई!"

"पडन्याचं नाई म्हनत मी. मंग ते तिथं..."

"हालनार बी नाई! तू चहा मांड."

पुढेमागे नट सैल व्हायला नकोत म्हणून बोल्टांची टोकंही हातोड्यानं ठोकून चपटी केली. मग मजबुती तपासायला शेजारचे महादेवकाका रॅकला लोंबकळले. काका म्हणजे गल्लीतलं सगळ्यात मोठं वजन. गाडी हलली, रॅक नाही!

"लेका, गाडी उलटली तरी कपाट जाग्यावरच राहीन," काका म्हणाले. मी धन्य झालो.

शोभाला शेजारी बसवून मंगरूळपीर गाठलं. दारात वास्तूचे पाहुणे जमले होते. माईनं कपाट निरखलं. ओरखडा नाही!

"उतरव आता. पूजेचा शालू त्यातच हाये."

मी मागचा फाळका पाडला. कपाटासमोर दोन आडव्या पट्ट्या, डोक्यावर तीन. पाना लावला, तर नट फिरेना. तो फिरू नये अशी व्यवस्था मीच केली होती!

"काहून थांबला?"

"माई, कपाट लय सुरक्षित हाये."

"ते दिसून राह्यलं. भाईर काहाड."

"तेच त होऊन नाई राह्यलं!"

नट कापायला वेल्डिंगवाला हवा, आणि त्याचं दुकान त्या दिवशी बंद. शोभा ओट्यावरून हेच विचारत होती, हे मला आत्ता कळलं.

पण माई कसली हटते! तिनं गाडीमागे स्टूल मांडलं, पट्ट्यांमधून हात घातला, कपाटाचं सरकतं दार वीतभर सरकवलं आणि मुहूर्ताच्या आत शालू ओढून काढला. पूजा झाल्यावर पाहुण्यांना घर दाखवत फिरली. "हे सैपाकघर, हा हॉल. अन् कपाटाची खोली भाईर रस्त्यावर हाये."

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तर माई जवळ येऊन म्हणाली, "भाऊबीजेले येतो रे मी. काई पडलं नाई." मला खरंच भरून आलं.

तेवढ्यात तिच्या चुलतसासूबाई रॅकला चक्कर मारून आल्या.

"कोनं बसोलं हे?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

"बापा, आमची म्हैस रोज दावं तोडून पयते. तिच्याभवती असंच बसून देशीन काय?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. अनुभवातून शिकणारा माणूस आहे मी. या वेळी दूध काढण्यापुरती फट ठेवणार आहे!