येलदरीच्या वाटेवरचा तांबडा थर

सुट्टी घेतली ती फिरायला नव्हे. बापाचा फोन होता, "प्रतीक्षा ऐकंना. तू येऊन समजाव."

प्रतीक्षा माझी बहीण, आठवीत आहे. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला निघणार. दोन वर्षांच्या धाकट्या बहिणीला, चिमीला, उसाच्या फडात सांभाळायला प्रतीक्षानं सोबत जावं, हे मी तिला पटवायचं. मीही सहावीत असाच गेलो होतो. परत शाळेत बसलो नाही. आता कर्नाटकात बोअर पाडणाऱ्या गाडीवर कामाला आहे.

रेल्वेनं परभणी, तिथून जिंतूरची एसटी. आमचं गाव बोरी मधेच लागतं. दुसऱ्याच दिवशी शाळेची सहल येलदरी धरणावर होती. विद्यापीठात दगडमातीचं शिकणारी चार पोरं-पोरी मुलांना जमीन दाखवायला आलेली. सोबत मोठं माणूस हवं म्हणून प्रतीक्षानं मला ओढलं. म्हटलं बरं झालं, वाटेत बोलता येईल. बोललो नाही. जिंतूरला चहा-भजी झाली. तुम्ही गेलात तर इथंच खाऊन घ्या. धरणाजवळ मासे ताजे मिळतात, पण तळून यायला वेळ लागतो.

धरणाच्या अलीकडं घाटात डोंगर फोडून रस्ता काढलाय. तिथं विद्यापीठातल्या मीनल नावाच्या पोरीनं गाडी थांबवली. खाली काळा दगड, मधे हातभर तांबडा पट्टा, वर परत काळा.

"खालचा लाव्हा थंड झाला, लय काळानं त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि माती भाजली."

"विटावानी?" एका पोरीनं विचारलं.

"अगदी! या थरात कधी कधी पाणीही सापडतं."

प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, माझ्या दादाला इचारा. त्यो रोज भोकंच पाडतो."

पोरं खिदळली. मीनल मात्र माझ्याकडं वळली. मी सांगितलं, "पाणी लागतं कधीमधी. पण बोअर तिथंच ढासळतं. बोअरमधून वर येणारी काळी भुकटी तांबडी झाली, चिमटीत चिकटली, की आमी गाडी हळू करतो. न्हाईतर रॉड अडकतो."

"चिकटते म्हणजे कशी?"

मी माती ओली करून चिमटीत चोळून दाखवली. तिनंही चोळली, आणि वहीत लिहिलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

निघताना तिनं विचारलं, "महिन्यानं परत येऊ. गावातल्या बोअरला किती फुटांवर तांबडं लागलं, घरोघर विचारून कोण लिहील?"

प्रतीक्षाचा हात वर गेला. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच खाली घेतला.

"ती लिहील," मी म्हणालो.

घरी हे कळल्यावर बाप भडकला. "तुला कशाला बोलावलं व्हतं? गाडीवर चढला म्हणून शाना झालास?"

"आत्याकडं राहू द्या तिला."

"अन् चिमी?"

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी बघते."

आता परत गाडीवर आहे. प्रतीक्षाचा फोन येतो: अमक्याच्या बोअरला नव्वद फुटांवर लागलं, तमक्याला आठवतच नाही. तिला हसू आवरत नाही.

आईचाही येतो. चिमीला फडाच्या कडेला गोणपाटावर बसवते म्हणाली. "पाला सळसळला की साप वाटतो, कोयता थांबतो बघ माझा."

येलदरीला जरूर जा, घाटात उतरून तो पट्टा बघा. सहलीतलं मला मात्र एकच आठवत राहतं. ‘ती लिहील’ म्हणताना मी आईला विचारलं नव्हतं.