अण्णाचा उजवा हात

माझ्या भावाचा उजवा हात त्याच्या पन्नास वर्षं आधीच मेला होता.
बाकीचा अण्णा आज पहाटे गेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या घरातच दोन माग होते, चादरींचे. अण्णा तेव्हा विशीतला. त्याच्या हातची किनार बघायला शेजारचे विणकर यायचे.

एका दुपारी मागाचा पत्रा निसटला आणि कोपराच्या वर खोल घुसला. बोटं हलवणारी नस तुटली.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती जोडली. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, समोर बसवून सांगितलं, "नस हळूहळू बोटांकडे वाढत जाईल. पण तिथला मसल जिवंत पाहिजे. तो तिला धरून ठेवतो, तरच कनेक्शन टिकतं. तो वाळला तर आलेली नसही सुकते. पट्टी निघाली की रोज बोटं हलवा, विजेच्या शेकाला आणा."

नानांनी मान डोलावली. कळलं मात्र विणकराला कळतं तसं.

तुटलेला धागा सांधला की त्याला ताण द्यायचा नाही. जन्मभर त्यांनी हेच केलेलं.

"हात लावू नगा त्याला. सांधा सुटंल की!"

पट्टी निघाली, तर त्यांनी स्वतः मऊ सुती कापडानं हात पुन्हा बांधला. आई म्हणाली शेकाला नेऊ या, तर तिच्यावर खेकसले.

असं वर्षभर. इतक्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलेलं मी पाहिलेलं नाही.

मग एकदा तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मनगटावर टिचकी मारली. अण्णा ओरडला, "झिणझिण्या! पार बोटात जात्यात!"

नाना रडायलाच लागले. "आली की नस!"

डॉक्टरांनी वाळलेला तळवा दाबून पाहिला.
"आली. पण तिला घ्यायला आत कुणी उरलं नाही."

बोट हललं नाही. कधीच.

नाना होते तोवर रोज सकाळी विचारायचे, "आज काय हललं का रं?"

"व्हय, जरासं," अण्णा म्हणायचा.

एकदा मी चिडले. खोटं कशाला बोलतोस?

"खरं सांगून हात परत येनार हाय का? म्हाताऱ्याला तरी झोप लागू दे की."

मला नानांचा राग येतो. अजून येतो. अण्णाला कधी आला नाही, याचाही येतो.

सकाळी त्याचे हात मीच छातीवर ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही सारखेच गार लागले.

जा अण्णा.
धाकटीचा शेवटचा नमस्कार.